ज्यांचं सुतक लागत नाही

गावाकडचे एक चुलत-चुलत काका गेले तेव्हा आमच्या घरी दहा दिवस देवपूजा बंद होती. काकांना मी बहुधा एकाच मुंजीत पाहिलं असेल. पंगतीत ते समोर बसले होते आणि मठ्ठा फार तिखट झालाय अशी त्यांची तक्रार होती, एवढंच आठवतं. पण भाऊबंदांतले, एका गोत्राचे. त्याबाबतीत आपल्याकडे सगळं मोजून ठेवलेलं आहे. भाऊबंदांचे दहा दिवस, लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचे तीन, फार लांबच्याचं कळलं तर नुसती अंघोळ. पंचांग उघडलं की कोष्टकच हजर. त्या कोष्टकात मित्राला रकाना नाही. गवयाला नाही. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला तर नाहीच नाही.

आणि माझं वय असं, की आता माझ्याकडे मरणाची बातमी येते ती बहुतेक या रकाना नसलेल्यांचीच.

२०२५च्या १९ फेब्रुवारीला मिलिंद रेगे गेले. शहात्तरावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. सव्विसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन, त्यातून उठून हा माणूस पुन्हा मुंबईकडून रणजी खेळला होता. त्यामुळे आम्हा मंडळींची अशी समजूत झाली होती की रेग्यांचा आणि यमाचा जो काही हिशेब होता तो तेव्हाच चुकता झालाय. नागपूरला विदर्भाशी रणजीचा उपांत्य सामना चालू होता. मुंबईची पोरं दंडाला काळी फीत लावून उतरली. या पोरांपैकी कितीजणांनी त्यांना ऑफ-स्पिन टाकताना पाहिलं असेल? एकानेही नाही. पण त्यांना निवड समितीतले रेगे माहीत होते, आणि मुंबई क्रिकेटमध्ये तेवढं नातं पुरतं.

त्यानंतर बारा दिवसांनी, ३ मार्चला, पद्माकर शिवलकर गेले. पॅडी. वय ८४.

पॅडी गेल्याचं कळलं आणि मला आठवला तो माझा बँकेतला मित्र. तो काही वर्षांपूर्वीच गेला. कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये तो डावखुरी फिरकी टाकायचा. गोलंदाज म्हणून बेताचाच होता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण अ‍ॅक्शन पॅडीची. म्हणजे त्याच्या मते पॅडीची. नोटांच्या बंडलांना लावायचे रबरबँड एकावर एक गुंडाळून त्याने चेंडू केला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूम ते डायनिंग या बोळात तो आम्हाला बोलिंग टाकायचा. मोझॅकच्या लाद्यांवर तो रबरी गोळा भलताच वळे. बॅट म्हणून लेजरचा पुठ्ठा. चेंडू सोडल्यावर त्याचा डावा हात क्षणभर हवेत राहायचा, बोटं अजून काहीतरी फिरवताहेत अशी, आणि तोंडाने तो पुटपुटायचा, “ये, ये, पुढे ये.” समोरच्या फलंदाजाला नव्हे, चेंडूला. कॅशियर त्रासून म्हणायचा, “अरे, निदान कस्टमर गेल्यावर तरी.”

त्याला एकच दुःख होतं. बदली आणि प्रमोशन या गोष्टी त्याने कधी मनाला लावून घेतल्या नाहीत. पॅडीला इंडियाने घेतलं नाही, हे मात्र त्याने आयुष्यभर लावून घेतलं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९, आणि कसोटी सामने शून्य. हे आकडे तो खाते क्रमांकासारखे फडाफडा सांगायचा. ज्याच्यामुळे पॅडीला जागा मिळाली नाही त्या बेदीबद्दल मात्र वाकडा शब्द खपवून घेत नसे. बेदी मोठाच, बेदीशी भांडण नाही, असं म्हणायचा. मग भांडण कुणाशी, हे विचारलं की गप्प व्हायचा. राजिंदर गोयल २०२० साली गेले तेव्हा त्याचाच फोन आला होता. हरियाणाच्या त्या माणसाच्या साडेसातशे बळींचंही तेच झालं होतं. “आपल्यातले एक गेले,” तो म्हणाला. आपल्यातले! गोयलना आम्ही दोघांनी मिळून एकदाही समोरासमोर पाहिलेलं नव्हतं.

बँकेत जॉइंट खातं उघडताना फॉर्मवर एक खूण करावी लागते, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. नवराबायको हसत हसत सही करतात. ‘मागे राहील तो’ म्हणजे आपल्या दोघांपैकीच कुणीतरी, हे त्या वेळी डोक्यात शिरत नाही. आम्ही असे शेकडो फॉर्म तपासले असतील. पॅडी हे आमचं तसलं खातं होतं. मित्र गेल्यावर ते माझ्या एकट्याच्या नावावर आलं. व्यवहार चालू राहिला. जुनं स्कोअरकार्ड सापडलं, कुठे मुलाखत आली, की मी भर घालत राहिलो. पासबुक भरून आणल्यावर दाखवायला कुणी नव्हतं, इतकंच. ३ मार्चला ते खातंच बंद झालं. तेव्हा मला कळलं की मित्राचा म्हणून जो काही भाग अजून हलता होता तो त्यात होता. आता तोही गेला.

१९७३चा तो चेपॉकचा अंतिम सामना त्याने मला किती वेळा सांगितला असेल! तोही काही मद्रासला गेलेला नव्हता. पण सांगायचा असा की स्लिपमध्ये उभा होता. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणून खेळपट्टी फिरकीला. फिरकी तर फिरकी. मुंबई १५१. आणि मग तमिळनाडू ८०. पॅडी सोळात आठ. दुसऱ्या डावात मुंबई ११३वर आटोपली तरी बिघडलं नाही, कारण तमिळनाडू ६१. पॅडी अठरात पाच, आणि दुसऱ्या टोकाकडून एकनाथ सोलकर पाच. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना खलास. मुंबईचं ते ओळीने पंधरावं रणजी विजेतेपद. हे सगळं सांगून झालं की मित्र जरा थांबायचा आणि म्हणायचा, “आता बोल.” म्हणजे, आता सांग, याला का घेतलं नाही. जसं काही निवड समितीचा अध्यक्ष मीच.

सोलकरही त्याच्या यादीत होता. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, हेल्मेट नसलेल्या त्या काळात शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पायाशी उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. २००५च्या जूनमध्ये तो गेला, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी. त्या दिवशी आम्ही दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. पाऊस होता, छत्र्या होत्या, बोलणं फारसं झालं नाही. मित्र मैदानाकडे बघत म्हणाला, “एवढ्या जवळ उभं राहायला काळीज लागतं.” घरी जाताना भजी घेतली. त्याला दुखवटा म्हणता येईल का? मला वाटतं येईल.

पॅडी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना होता, ऑस्ट्रेलियाशी. भारताचा संघ काळी फीत लावून खेळला, पॅडींसाठी. टीव्हीवर ते पाहताना आमच्या घरातल्या धाकट्यांना फार गहिवरून आलं. ज्याला इंडियाची टोपी मिळाली नाही त्याच्यासाठी सगळी इंडिया फीत लावून उभी आहे, किती छान, असं ते म्हणत होते. मला ते छान वाटलं नाही. मला राग आला. फीत शिवायला पाच मिनिटं लागतात. टोपी द्यायला यांच्याकडे पंचवीस हंगाम होते. १९६२ साली पहिला प्रथम श्रेणी सामना खेळलेला हा माणूस १९८७-८८मध्ये, सत्तेचाळिशीत, निवृत्तीतून परत बोलावल्यावर पुन्हा मुंबईसाठी उभा राहिला होता. गावसकरांनी श्रद्धांजली वाहताना कबूल केलं की कर्णधार असताना पॅडीसाठी निवड समितीला आपण राजी करू शकलो नाही, याची खंत आहे. त्यांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात कसोटीवीरांच्या ओळीत पॅडी आणि गोयल या दोघांना बसवलं होतं, तेही १९८३ साली, दोघं हयात असताना. ते मला फितीपेक्षा मोलाचं वाटतं. मात्र माझा मित्र असता तर माझ्यावरच उखडला असता हेही मला माहीत आहे. विराटच्या दंडावर पॅडीच्या नावाची फीत! त्याने तो सामना पॅडीचा म्हणून धरला असता आणि आकड्यांत कसोटी शून्य, वनडे एक अशी भर घातली असती.

पॅडी गायचेही. चांगलं गायचे, त्यांची मराठी गाणी रेकॉर्ड झालेली आहेत. ती मी माझ्या पुण्याच्या मित्राला ऐकवली होती. हा दुसरा मित्र कानाचा अत्यंत तिखट. सिनेमातल्या भल्याभल्यांना तो ‘बरा आहे’च्या वर जाऊ द्यायचा नाही. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “सुरात आहे. आणि घाई नाही.” मुंबईच्या मित्राला मी हे जसंच्या तसं कळवलं. तो इतका खूश झाला की बोलिंगचं याहून नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नाही म्हणाला. ते दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत.

पुण्याचा मित्र म्हणजे सवाई. आमची ओळखच रमणबागेतली. भारतीय बैठकीत तो माझ्या पुढे बसला होता, करड्या शालीत, कानटोपी घातलेला, आणि उजव्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरवत ताल मोजत होता. कधी मांडीवर थाप नाही, मान हलवणं नाही. समेवर फक्त तर्जनी उचलायची, तीही पेरभर. दाद इतकी बेतशीर की शेजारच्यालाही कळू नये. उत्तररात्री तंबूत थंडी शिरायची, वड्यांचा वास यायचा, आणि हा माणूस थर्मासचं टोपण काढताना आवाज होऊ नये म्हणून ते शालीत धरून फिरवायचा.

सवाई म्हणजे मुळात बरसी, हे मला त्यानेच लक्षात आणून दिलं. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी, म्हणजे पंडित भीमसेन जोशींनी, गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. गोत्र वेगळं, आडनाव वेगळं. मोजलेले दहा दिवस नव्हेत, तर जिवात जीव असेतो दरवर्षी. मुंबईतली कांगा लीगही तशीच. डॉक्टर होर्मसजी कांगा या पारशी गृहस्थाच्या नावाने १९४८पासून दर पावसाळ्यात शेकडो माणसं चिखलात घसरून पडतात. कोष्टकात रकाना नव्हता ना, मग आपल्या लोकांनी हे उद्योग केले. तंबू ठोकला, तंबोरे लावले, ओल्या विकेटवर स्टंप रोवले. यात कुणी अश्रू ढाळत नाही, म्हणून हे श्राद्ध आहे हे ध्यानात येत नाही.

त्या मानाने आपल्या शोकसभा. व्यासपीठावर हार घातलेला फोटो, उदबत्ती, माईकची शिट्टी, आणि वक्ता कोणीही असो, कधीही भरून न येणारी एक पोकळी. इतक्या वर्षांत इतक्या पोकळ्या निर्माण झाल्या आहेत की एव्हाना सगळा महाराष्ट्र आतून रिकामा वाजायला हवा होता. पुण्याचा मित्र शोकसभांना जात नसे. गाणाऱ्याबद्दल न गाणाऱ्यांनी किती बोलायचं, असं त्याचं म्हणणं.

२४ जानेवारी २०११ला भीमसेनजी गेले. नव्या पेठेतल्या त्यांच्या घरापाशी, ‘कलाश्री’पाशी, माणसांचा समुद्र. वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आम्ही दोघं गर्दीच्या कडेला उभे होतो. लोक ‘अमर रहे’ म्हणत होते. मित्र म्हणाला नाही. त्याचा अंगठा पेरांवरून फिरत होता. विलंबित एकताल, मला वाटतं. इतका सावकाश की एक आवर्तन संपेपर्यंत आम्ही बरंच पुढे ढकलले गेलो होतो.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०२१च्या एप्रिलमध्ये, त्याच वैकुंठात तो गेला, आणि आमच्यापैकी कुणीही तिथे नव्हतं. त्या महिन्यात कुणालाच कुणाच्या खांद्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मुलगी दुसऱ्या गावी अडकलेली, जावयाने लांबून पाहिलं म्हणे. गवयाला निरोप द्यायला जो माणूस अर्धा दिवस उभा राहिला, त्याच्यासाठी उभं राहायला रस्त्यावर यायचीही परवानगी नव्हती. मी घरात रेडिओ बंद करून ठेवला. देवपूजा मी करत नाहीच, ती बायको करते. तेव्हा बंद करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पुढे त्याच्या मुलीने कॅसेटचे खोके पाठवले. बाबांनी तुमच्यासाठी म्हणून ठेवलं होतं असं ती म्हणाली. मला वाटतं तिला ते टाकवत नव्हतं. सगळ्या नव्वद मिनिटांच्या. हिरव्या शाईत बारीक अक्षर: राग, ताल, तारीख. काहींवर शेरे. ‘द्रुत अपुरं, वीज गेली.’ ‘मध्ये डुलकी, पुन्हा ऐकणे.’ यातलं पुष्कळसं आकाशवाणीवरून घेतलेलं, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, त्यामुळे घरातलं सगळंच त्यात आलंय. भीमसेनजींच्या एका तोडीत, विलंबित नुकतं स्थिरावतंय, पंडितजी खालच्या धैवताला लागलेत, आणि कुकरची शिट्टी होते. पाठोपाठ दबक्या आवाजात तो, “आई, गॅस बंद कर ना!” मग बांगड्या, मग पायांचा आवाज, मग दुसरी शिट्टी अर्ध्यात तुटते. पंडितजींचं चालूच आहे.

त्या आवाजात तो पंचविशीचा असेल. मी त्याला ओळखायला लागण्याच्या फार आधीचा. आई गेली, तो गेला, गाणारे गेले, त्या ताना मात्र एकमेकांत अशा विणल्या गेल्यात की त्यांतून एकाला बाजूला काढून रडायचं म्हटलं तरी जमणार नाही. भीमसेनजींची तोडी आता फोनवर कितीतरी स्वच्छ ऐकायला मिळते, कुठे खरखर नाही की काही नाही. पण धैवत आला की माझा कान शिट्टीसाठी उभा राहतो. ती येत नाही, आणि तोडी मला थोडी बेताल वाटते.

मग एकामागून एक. २०२४च्या १३ जानेवारीला प्रभाताई अत्रे गेल्या, एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. भीमसेनजींनंतर सवाईचा शेवट त्या करायच्या. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई, तबल्याचे झाकीर हुसेन. रविवारी रात्री बातमी आली, मग ती खोटी असल्याचं आलं, आणि त्या दोन-चार तासांत आम्ही सगळे सॅन फ्रान्सिस्कोच्या दवाखान्याबाहेर बसल्यासारखे जागे होतो. सकाळी खरं ठरलं. दर ३ फेब्रुवारीला अब्बाजींची, अल्लारखाँसाहेबांची बरसी पहाटेपासून रात्रीपर्यंत करणारा माहीमचा मुलगा त्र्याहत्तराव्या वर्षी परमुलखात गेला. त्या रात्री मी फोन हातात धरून कुणाला कळवायचं याचा विचार करत होतो. पुण्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. मुंबईचाही. झाकीरभाईंच्या तबल्यातलं मला कळतं तरी काय? जे कळायचं ते शेजारच्या माणसाची तर्जनी उचलली गेली की कळायचं. त्याच आठवड्यात सवाई सुरू झाला. तंबू आता मुकुंदनगरला असतो. मी गेलो नाही. गुडघे दुखतात असं घरी सांगितलं, ते खरंही होतं.

गेल्या सर्वपित्रीला मात्र एक गंमत झाली. बायकोच्या आग्रहाखातर आमच्याकडे गुरुजी येतात. आईवडील, आजे, पणजे, मामा, सासरे असे सगळे झाल्यावर पोथीत शेवटी गुरू, शिष्य, मित्र, आप्त येतात. दरवर्षी गुरुजी हा भाग भराभर म्हणून पुढे सरकत, आणि माझंही कधी लक्ष नव्हतं. म्हणजे सुतकात नाही, पण तिळाच्या पाण्यात मित्राला जागा आहे! मी गुरुजींना थांबवलं आणि म्हटलं, मला इथे काही नावं घ्यायची आहेत.

“घ्या की. गोत्र?”

पुण्याच्याचं ठाऊक होतं. मुंबईच्याचं नव्हतं. गुरुजी म्हणाले, माहीत नसेल तिथे काश्यप म्हणायचं. दोघांचं पाणी सोडलं. मग मी म्हणालो, “पद्माकर.”

“काश्यप. आडनाव लागत नाही, तरी नातं सांगा. मित्र की आप्त?”

“तसं काहीच नाही. शिवलकर. ते बॉलर होते.”

गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली. “पॅडी? शिवाजी पार्कचे?” सत्तरीचे गुरुजी, दादरला वाढलेले, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. “आप्त म्हणा, आप्त,” त्यांनी पाणी सोडायला लावलं आणि पोथी उघडीच ठेवून मांडी बदलली. “मला एक सांगा यजमान. बेदी असताना दुसरा डावरा कशाला, असं म्हणायचे ना हे लोक? मग प्रसन्ना असताना वेंकट कसा चालला? दोघंही ऑफ-स्पिनरच की!”

मी म्हटलं, “वेंकटची बॅटिंग होती. शिवाय गलीतली फिल्डिंग.”

“फिल्डिंगवर जाता? मग बेदीला कुठे उभं कराल?”

आतून बायको विचारत होती, कावळ्याचं पान गच्चीवर कधी न्यायचं, खीर निवायला लागलीय. “आलोच वहिनी,” गुरुजी ओरडले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “आता त्र्याहत्तरची फायनल घ्या.”